बंगल्यावरचा स्वयंपाक कॉन्ट्रीत धरा

मे महिन्याची सुट्टी लागली की अलिबाग, काशीद, दिवेआगर, गुहागर या पट्ट्यात बंगले मिळेनासे होतात. चार-पाच कुटुंबे, म्हणजे लहानथोर धरून वीसेक माणसे, मिळून एक बंगला घेतात. मालकाला फोनवर विचारायच्या प्रश्नांत एक ठरलेला असतो: स्वयंपाकघर वापरता येईल ना? तो हो म्हणाला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. बाहेरचा खर्च वाचला, पोरांच्या पोटाची काळजी मिटली, आता ‘सगळे मिळून करू’. या ‘सगळे मिळून’मध्ये प्रत्यक्षात कोण असते हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि बहुधा म्हणूनच त्याची फोड कुणी करत नाही. माझ्या मते वीस माणसांच्या रांधण्याला घरचा स्वयंपाक समजणे हीच गफलत आहे. ते एक छोटे कार्य आहे. कार्याला यादी, माणसे आणि पैसे लागतात. ते आधी ठरवले नाहीत तर त्याची वसुली सहलीला आलेल्या बायकांच्या सुट्टीतून होते.

साधा हिशेब मांडून पाहा. माणशी सरासरी तीन पोळ्या धरल्या तरी एका जेवणाला साठ पोळ्या झाल्या. सराईत हातालाही एक पोळी लाटून भाजायला दीड-दोन मिनिटे लागतात. म्हणजे एका तव्यावर दीड ते दोन तास, तेही मेच्या उकाड्यात. बंगल्यावर शेगडी बहुतेक दोन बर्नरची आणि कुकर पाच लिटरचा. भात फुगतो, म्हणून कुकर निम्म्याहून जास्त भरता येत नाही. वीस माणसांचा दीड-दोन किलो तांदूळ त्यात दोन-तीन खेपांशिवाय शिजत नाही. तोवर दुसऱ्या बर्नरवर आमटी, भाजी आणि कुणाला तरी मध्येच हवा असलेला चहा. यात सकाळचे पोहे, रात्रीचे जेवण, मासे साफ करणे आणि भांडी मिळवली की दिवसाचे सात-आठ तास सहज जातात. समुद्रावर किती वाजता निघायचे हे मग भरती-ओहोटीवर ठरत नाही, शेवटची पोळी तव्यावरून कधी उतरते त्यावर ठरते.

सहल संपली की कॉन्ट्रीचा हिशेब होतो. बंगल्याचे भाडे, पेट्रोल, टोल, सुरमई, कोळसा, अगदी बर्फाची पिशवीसुद्धा मोबाइलवरच्या यादीत येते आणि पैशापर्यंत वाटली जाते. त्या यादीत नसतात ते फक्त श्रम. बाहेर जेवलो असतो तर झाला असता तो खर्च आणि किराण्याचा खर्च यांतल्या फरकाला आपण बचत म्हणतो, आणि ती वीस जणांत वाटून घेतो. ती कमावलेली असते चार-पाच जणींनी. हे सहलीपुरते असते तर सोडून देता आले असते. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया 2019 मध्ये त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97. 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणावे तर त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली आहेत. वर्षभर रोज पावणेपाच तास हेच काम करणारीला सुट्टीत त्याहून मोठ्या पातेल्यात तेच काम मिळत असेल, तर तिच्यापुरते फक्त गाव बदललेले असते.

आपल्याकडे मोठ्या स्वयंपाकाची रीत नाही असेही नाही. गावजेवण, लग्न, भंडारा, सप्ताह यांत शेकडो पाने उठतात, आणि तिथे चुलाणावर बहुधा पुरुषच असतात. आचारी कोण, भाज्या कोण चिरणार, वाढपी कोण, पाणी कुणाकडे, भांडी कोण घासणार, हे आदल्या दिवशीच नक्की होते. पंढरीच्या वारीत दिंडीची भिशी असते. वारकरी ती भरतो, आणि शिधा-भांड्यांची गाडी स्वयंपाक्यांसह पुढच्या मुक्कामाला आधी पोहोचते. दिवसभर चालून आलेल्याने पुन्हा सगळ्यांसाठी रांधायला बसावे, अशी अपेक्षा तिथे गृहीत धरलेली नसते. मराठी पर्यटन कंपन्यांनी हिमालयापासून युरोपपर्यंत सोबत आचारी नेले ते याच समजुतीने. सहलीला आलेल्या कुणीही कढईपाशी उभे राहू नये, हेही ग्राहक विकत घेतो, आणि आनंदाने घेतो. वीस माणसांचा बंगला आला की मात्र हे सगळे शहाणपण विसरले जाते. स्वयंपाकघराला चार भिंती आणि ओटा आहे एवढ्यावरून ते काम ‘घरचे’ ठरते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: बायकांना ते आवडते, ओट्याभोवतीच्या गप्पा हीच त्यांची मजा. काहींना आवडत असेलही. पण आवड ओळखायची तर खराखुरा दुसरा पर्याय समोर ठेवावा लागतो. थोरल्या जाऊबाई सकाळी सातला कणीक भिजवायला उभ्या राहिल्या की धाकटीला व्हरांड्यात चहा पीत बसता येत नाही, आणि तिला पाहून मित्राच्या बायकोलाही. दुसरा आक्षेप पुरुषांच्या कौशल्याचा. शनिवारी रात्री अंगणात कोळशावर चिकन भाजणारे पुरुष खरे आहेत, आणि चिकन अनेकदा चांगलेही होते. मसाला लावून ठेवणे, कांदे चिरणे, सोबतच्या भाकऱ्या आणि सकाळी जळकी जाळी घासणे हे कुणी केले, एवढे विचारावे. फोटो पोळ्यांचा कुणी काढत नाही, म्हणून वाटणी पोळ्यांपासून सुरू करावी.

आरोग्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे. मधुमेही आजोबा, वर्षाचे मूल, तेलकट न सोसणारे कुणी. त्यांच्यासाठी मऊ भात-वरण, पेज, खिचडी बंगल्यावर जरूर करावी. तो एका कुकरचा प्रश्न आहे, त्यासाठी वीस जणांचे चारीठाव जेवण लागत नाही. शिवाय घरचे म्हणजे सुरक्षित, हे या प्रमाणावर आपोआप खरे ठरत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुपारचे कालवण आणि भात रात्रीपर्यंत कोकणातल्या दमट हवेत ओट्यावर असतो, कारण फ्रिजमध्ये पाण्याच्या आणि इतर बाटल्यांनी जागा ठेवलेली नसते.

तेव्हा बंगला ठरवतानाच जेवणही ठरवावे. पोळ्या-भाकऱ्या गावातल्या खानावळीतून सांगाव्यात, एक वेळ पूर्ण बाहेरची ठेवावी, आणि जे रांधायचे ते एकाच पातेल्यात होईल असे निवडून पाळ्या लावाव्यात. भांडी घासण्याचीही पाळी, पुरुषांसह. पाळी नको असेल तर रांधणारीचा वाटा कॉन्ट्रीतून वजा करावा. प्रेमाला किंमत लावता का, असे कुणी म्हणेल. मासे आणणाऱ्या मित्राचे पैसे आपण न विसरता देतो, त्याने मैत्री आटत नाही.

एक आक्षेप मात्र सहज झटकता येणार नाही: आपल्या बायकांचे ओझे आपण गावातल्या दुसऱ्या बाईवर टाकतो. टाकतो, हे खरेच. फरक इतकाच की तिचे काम तिथे धंदा म्हणून होते आणि त्याचा मोबदला तिला मागता येतो. तो फरक टिकवणे आपल्या हातात आहे. घरगुती खानावळीत सकाळीच पानांचा आकडा विचारतात, कारण बाजारातून किती मासळी आणायची हे त्यावर ठरते. बारा सांगून वीस जण जाणे, किंवा वीस सांगून आठ जणांनी वाटेत ढाब्यावर जेवून येणे, हे सर्रास चालते. न उठलेल्या त्या आठ ताटांचे पैसे देताना घासाघीस करणाऱ्याने हा आक्षेप घेऊ नये.