लंगडा जादूगार, पूर्ण पगार

परवा रात्री साडेअकराला मी बत्तीस लंगड्या-थोट्या शिपायांना पहिल्या रांगेत उभं केलं, टर्न पाठवला आणि शांतपणे झोपलो. सकाळी दात घासताना एकदम आठवलं आणि स्वतःचीच जरा लाज वाटली. कळलंच असेल, आज परत गेमवर लिहितोय. कंटाळा आलेल्यांनी सरळ पुढच्या शनिवारी यावं :)

गेमचं नाव डॉमिनियन्स. स्वीडनमधली इलविंटर नावाची अगदी चिमुकली कंपनी हा गेम वीसेक वर्षं बनवतेय. तिसरा भाग 2006 चा, पाचवा 2017 चा, सहावा जानेवारी 2024 मध्ये आला. चित्रं बघून नवा माणूस पळून जाईल अशी. तुम्ही एक होऊ घातलेला देव, हाताखाली एक राष्ट्र, आणि एक टर्न म्हणजे एक महिना. लढाईत तुमचा हात नसतो. कुणी कुठे उभं राहायचं, पहिले मंत्र कुठले म्हणायचे एवढं आधी सांगून ठेवायचं, मग काय होईल ते मुकाट बघायचं. आम्ही कॉलेजचे पाच जण खेळतो. दोघं पुण्यात, एक बंगळूरला आणि दोघं परदेशी, त्यामुळे दिवसाला एक टर्न, तोही कुणाचं पोर आजारी नसेल तर.

या गेममधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कायमच्या जखमा. शिपायाला त्याच्या एकूण ताकदीच्या मानाने मोठा घाव बसला की तो जगला तरी काहीतरी गमावून बसू शकतो. डोळा जातो, हात जातो, पाय अधू होतो, छातीत अशी जखम राहते की पुढच्या लढाईत चटकन दम लागतो. एखाद्याच्या मनात लढाईची भीती बसते ती बसतेच. गेलेलं रक्त भरून येतं, पण हे मागे राहतं. सायक्लॉप्सला मुळात एकच डोळा, त्यामुळे त्याचा एक डोळा गेला की तो आंधळाच. असला बारकावा ज्यांनी कोडमध्ये लिहिला त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आता याच्या शेजारी आमच्या पिढीचा हॉस्टेलवरचा लाडका गेम ठेवा, हिरोज ऑफ माइट अँड मॅजिकचा 1999 चा तिसरा भाग. त्यात शंभर भालेकऱ्यांपैकी चाळीस मेले की उरलेले साठ लढाई संपताच ठणठणीत, नव्या कोऱ्या बॅटरीसारखे. बॅटल फॉर वेसनॉथमध्येही मोहिमेच्या एका टप्प्यात मरता मरता वाचलेला धनुर्धर पुढच्या टप्प्यावर बोलावला की पूर्ण तंदुरुस्त हजर होतो. 2012 च्या एक्सकॉममध्ये निदान काही दिवस इस्पितळात काढावे लागतात, पण नंतर बहुतेक सगळं पूर्ववत. म्हणजे बहुतेक गेममध्ये माणसाच्या दोनच अवस्था, शून्य नाहीतर एक. आम्हा प्रोग्रामर मंडळींना हे सोयीचं वाटतं हे खरं, पण लढून आलेला माणूस असा नसतो.

मेवाडच्या राणा सांगाचंच बघा ना. एक डोळा भावाभावांच्या भांडणात गेला, एक हात इब्राहिम लोदीविरुद्धच्या लढाईत गेला, पाय अधू झाला, आणि तरी 1527 मध्ये खानव्याला बाबरासमोर सैन्य घेऊन उभा राहिला तो हाच माणूस. डॉमिनियन्सच्या भाषेत तीन जखमा असलेला सेनापती. आपला शाहिस्तेखानही यादीत घ्या. 1663 मध्ये लाल महालात बोटं गेली, जीव वाचला, आणि पुढची वर्षं बंगालची सुभेदारी. (बोटं जाण्याची वेगळी जखम गेममध्ये नाहीये, याची मला पुणेकर म्हणून खंत आहे.)

या कल्पनेवर नेहमीचा आक्षेप असा, की जो हरतोय तो अजून हरत जातो. आधीच मार खाल्लेलं सैन्य, त्यात निम्मे अधू, मग पुढची लढाई कशी जिंकणार? शिवाय माणूस लगेच जुना सेव्ह उघडतो आणि लढाई पुन्हा खेळतो. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. एकट्याने खेळताना मीही हेच करतो, खोटं कशाला बोलू. पण पाच जणांचे टर्न एकत्र चालतात तेव्हा मागे जाता येत नाही. तुमचा हात गेला तर गेला, बाकी चौघांना त्याच्याशी देणंघेणं नाही. जखमांना वजन येतं ते तिथे.

पहिला आक्षेप मात्र फक्त तेव्हाच खरा, जेव्हा जखम म्हणजे नुसती आकड्यांतली वजाबाकी असते. वीस टक्के ताकद कमी, दहा टक्के नेम कमी, बस. डॉमिनियन्समध्ये, निदान सेनापती आणि जादूगारांच्या बाबतीत, तसं होत नाही. पाय अधू झालेल्या जादूगाराला रणांगणात न्यायला जीव होत नाही, पण त्याला प्रयोगशाळेत बसवा, संशोधन तेवढंच करतो जेवढं आधी करायचा. एका हाताच्या सेनापतीला दोन हातांचं शस्त्र पेलत नाही, पण त्याच्या मागून येणाऱ्या शंभर माणसांना त्याने फरक पडत नाही. उलट बुद्धी भ्रष्ट झालेला जादूगार धडधाकट दिसतो, आणि एकही मंत्र म्हणू शकत नाही. कुणाचं काय गेलं, त्यावर त्याचं पुढचं काम ठरतं.

हे मला एवढं का पटतं ते सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्यामागची शीर, म्हणजे खरं तर स्नायूबंध, सुजला. डॉक्टरांनी पट्टा दिला, इंजेक्शन दिलं आणि टायपिंग निम्म्यावर आणा म्हणाले. सूज गेली, पण हात पूर्वीसारखा झाला नाही. आजही सलग दोन तास कोड लिहिलं की मनगट ठणकतं. त्यावेळच्या कंपनीचं नाव घेत नाही. तिथे एक्सेलच्या तक्त्यात माझ्या नावापुढे एक होता तिथे अर्धा आला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, "सर, तुम्हालाच बरं पडावं म्हणून" असं कळवळून म्हणाला. आता अर्ध्या माणसाला कोण महत्त्वाचं काम देणार? मला जुन्या प्रॉडक्टचे कुणी हात न लावणारे बग मिळाले, तेही टायपिंगचंच काम! त्याच काळात टीममधली पोरं आपापला कोड गुपचूप माझ्याकडे वाचायला आणत होती, कारण चुका मला दिसायच्या. बघायला अंगठा लागत नाही. ते काम तक्त्यात कुठेच नव्हतं. वर्षाअखेरीस जे व्हायचं ते झालं आणि मी नोकरी बदलली. असो.

आता माझ्या बत्तीस शिपायांकडे येतो, कारण इथे डॉमिनियन्सशी माझं भांडण आहे. साध्या शिपायाला जखम झाली तरी त्याचा पगार पूर्णच जातो. म्हणजे हिशेब करणाऱ्या खेळाडूला गेम हळूच सुचवतो की यांना पुढे उभं कर, बाण यांच्या अंगावर जाऊ देत, मेले तर पगार वाचेल. मी तेच केलं. कुठलाही अनुभवी खेळाडू तेच करेल. बरे करणारे आहेत, नाही असं नाही. अर्कोसेफेल नावाच्या ग्रीक वळणाच्या राष्ट्रात अशा जखमा भरून काढणाऱ्या पुजारिणी मिळतात, आणि निसर्गमंत्रांत सगळ्या राज्याला हळूहळू बरं करणारा एक महागडा मंत्रही आहे. पण माझं राष्ट्र ते नाही, आणि त्या मंत्राइतकी रत्नं मी उभ्या जन्मात जमवलेली नाहीत.

लोक म्हणतात की मग अधू शिपायांचा पगार निम्मा करा, सुटला प्रश्न. मला ते अजिबात नको. ते म्हणजे पुन्हा तोच एक्सेलचा तक्ता. मला हवं आहे ते बॅटल ब्रदर्ससारखं काहीतरी. त्या जर्मन गेममध्ये (2017) मरता मरता वाचलेल्या भाडोत्री शिपायाला कायमची इजा होते, पण डोक्याला मार लागलेला माणूस शिकतो हळू आणि घाबरतोही कमी. म्हणजे जखमेला दुसरी बाजू आहे, आणि ती गोड करून सांगितलेली नाही. तसं साध्या शिपायांसाठी एखादं काम द्या की. दहा लढायांतून लंगडत परत आलेला माणूस नव्या भरतीला काय काय शिकवू शकेल! गेममध्ये प्रत्येक शिपायाचा अनुभव मोजलेला आहे, तो फक्त त्याच्याबरोबरच मरतो. एवढा डेटा साठवून वापरायचा नाही, हे बघून इंजिनियर म्हणून पोटात दुखतं.

तोवर आहे त्यात जुगाड. किल्ल्याला वेढा पडला की आतल्या माणसांची ताकद मोजतात, चाल मोजत नाहीत. लंगडा शिपाई तटबंदीवर धडधाकट शिपायाइतकाच मोलाचा. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, आणि तरी परवा हात आपोआप पहिल्या रांगेकडे गेला.

बत्तीसपैकी एकोणीस परत आले. त्यांतल्या एकाचा आता दुसरा डोळाही गेलाय. आज रात्री नऊच्या आत टर्न द्यायचा आहे. एकोणीस जणांना उत्तरेच्या किल्ल्यावर पाठवतोय, पोचायला दोन महिने लागतील. बंगळूरकर हे वाचणार आणि त्याच किल्ल्यावर चाल करून येणार हे मला माहीत आहे. ये म्हणावं.