जोते किती फुटांचे?

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादजवळून जाणारी गिरजा नदी एप्रिल-मे महिन्यात पाहिली तर तिच्यावर अग्रलेख लिहावा असे काहीच तिच्यात दिसणार नाही. अशा नद्या फसवतात त्या याच कारणाने. वर्षातले दहा महिने त्या कुणाला भीती घालत नाहीत आणि तेवढ्या अवधीत काठाला आधी गोठा, मग पत्र्याची खोली आणि शेवटी विटांचे घर उभे राहते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने याचा हिशेब चुकता केला. जायकवाडीतून महिनाअखेरीस तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटले आणि अंबड, घनसावंगीच्या गोदाकाठाला त्याची झळ बसली, हे खरेच. पण गोदावरी तरी सांगून येते. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो. सीना, सिंदफणा आणि नावही नसलेले ओढे यांनी ज्यांच्या घरात पाणी घातले त्यांना कुणाचा भोंगा ऐकू आला नाही.

सरकारने त्यानंतर 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पिके, खरडून गेलेल्या जमिनी, जनावरे, विहिरी, पडलेली घरे असा सगळ्याचा त्यात विचार झाला. एका गोष्टीचा मात्र झाला नाही: पडलेल्या घराच्या जागी उभे राहणारे घर कसे असावे?

आपल्या जुन्या लोकांना हा प्रश्न पडत नसे, कारण त्याचे उत्तर भाषेतच होते. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून, त्यांच्याच मातीवर पुन्हा बांधून उंच झालेले टेकाड. हसनाबादपासून जवळच असलेले भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. 1973 च्या सुमारास शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा थरावर थर लागत गेले, ते अशाच पांढरीत. नदी खाली, गाव वर. पन्नासेक वर्षांत गावे वाढली आणि पांढरी पुरेना; मग वस्ती काळीत उतरली, नाल्याच्या काठाला टेकली. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यात मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर भिंतीला पूर नको, दोन पावसाळे पुरतात.

त्यात भर घातली विकासाने. गल्लीतला रस्ता ग्रामविकासाच्या 25-15 या लेखाशीर्षाच्या निधीतून सिमेंटचा होतो, तेव्हा जुना रस्ता कुणी खोदत नाही. त्याच्यावरच नवा थर पडतो. पाच वर्षांनी आणखी एक, वर पेव्हर ब्लॉक. ज्या घराला रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जावे लागे, त्या घरात आता एक पायरी उतरून जावे लागते. उंबऱ्याशी विटांचा छोटा बांध घालून बसलेल्या म्हाताऱ्या मराठवाड्याच्या कोणत्याही मोठ्या गावात दिसतील. त्यांच्या घरात नदी येत नाही, रस्ता येतो. गुत्तेदाराचे बिल मात्र उंचीसकट निघते.

नियम नाहीत असे नाही. नदीची निळी आणि लाल पूररेषा 1989 पासून शासनाच्या कागदावर आहे: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. 2020 च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीनुसार निळ्या रेषेच्या आत नवे घर नाही आणि निळ्या-लालच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर हवे. वाक्य उत्तम आहे. पण ते लागू व्हायला आधी रेषा हवी आणि रेषा आखल्या जातात त्या प्रामुख्याने शहरांतून जाणाऱ्या मोठ्या नद्यांच्या. तालुक्यातल्या ओढ्याला कोण विचारतो? दुसरीकडे, 2021 पासून गावातल्या 3200 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना विभागाच्या परवानगीची गरज ठेवलेली नाही. लोकांची हेलपाट्यांतून सुटका झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे जोते किती फुटांचे हे ठरवण्याचे काम शेवटी गवंड्याकडे आले आणि गवंडी ते मालकाच्या खिशाकडे पाहून ठरवतो.

खिशात किती असते? सपाट भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला आपत्ती निवारणाच्या निकषानुसार 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. प्रधानमंत्री आवास योजनेतले मूळ अनुदानही तेवढेच. घर 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फुटांचे. जोत्यापर्यंत काम आले की फोटो काढायचा, मग पुढचा हप्ता. त्या फोटोत जोते झाले एवढे दिसते, ते जमिनीपासून किती वर आहे हे कुणी विचारत नाही. भराव, डबर, मुरूम यांवरचा खर्च डोळ्यांना दिसत नाही. म्हणून काटकसर तिथूनच सुरू होते. उरलेल्या पैशांत दर्शनी भिंतीला टाइल बसते. घरमालकाला हसू नये; गावात लौकिक टाइलला आहे, जोत्याला नाही.

घर पुरात नेमके कसे पडते, हे पाहिले की जोत्याच्या दोन फुटांचे मोल कळते. वाहते पाणी घर ओढून नेते ते थोड्या ठिकाणी. बहुतेक वेळा पाणी फक्त साचून राहते. मातीच्या जुडईची भिंत तळाशी पाणी पिते, पेंड भिजावी तशी फुगते आणि पूर ओसरून ऊन पडले की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री झोपेत बसते. तोवर माणसे घरी परतलेली असतात. हीच भिंत दोन-अडीच फुटांपर्यंत सिमेंटच्या जुडईत असती, खाली मुरमाचा ठोकलेला भराव असता, तर घर भिजले असते, पडले नसते. बांगलादेशात नदीतल्या बेटांवरच्या वस्त्यांसाठी राबवलेल्या योजनेत घराचे मातीचे जोते माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुरापेक्षा दोन फूट उंच केले. आपल्यापेक्षा गरीब लोकांनी केले.

आणि मराठवाडा शिकत नाही असेही कुणी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली, गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले आणि भिंतीतून फिरणारा काँक्रीटचा पट्टा लातूर-धाराशिवकडच्या गवंड्याच्या बोलण्यात आला. भूकंपाने जे शिकवले ते पाण्याने शिकवायचे असेल, तर आणखी किती पूर लागतील?

पूररेषेच्या सर्वेक्षणाची वाट पाहायचीही गरज नाही. रेषा तलाठ्याच्या दप्तरात आहे. (पदनाम बदलले, गावात ते तलाठीच आहेत.) पुरानंतर प्रत्येक पडक्या घराचा पंचनामा झाला, कोणाच्या घरात पाणी शिरले, हे नावानिशी त्यात लिहिलेले आहे. भरपाई वाटली की तो कागद गठ्ठ्यात जातो. त्याऐवजी त्या नोंदी गावठाणाच्या नकाशावर मांडाव्यात, पाण्याची पातळी शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने ओढावी आणि त्या रेघेहून दीड फूट वर जोते नसेल तर घरकुलाचा पुढचा हप्ता सोडू नये. अट घालणाऱ्याने वाढीव भरावाचे पैसेही द्यावेत. नाहीतर गरिबाचा हप्ता अडवायला आणखी एक सबब मिळेल. आणि सिमेंटचा रस्ता करताना आधी जुना खोदा, हे निविदेतच लिहावे.

जिल्हा परिषदेने हे एका गावापासून सुरू करावे. हसनाबाद काही वाईट निवड नाही. तिथे पुढच्या पावसाळ्याआधी जी जोती भरली जातील, त्यांच्या फोटोत शेजारी उभी धरलेली मोजपट्टी दिसली पाहिजे.