सूत कोणाचे, मध कोणाचा?

कार्ल मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मानवी श्रमाचे स्वरूप सांगताना कोळी व विणकर, मधमाशी व वास्तुशिल्पी अशा जोड्या योजल्या. मधमाशीचे पोळे कितीही निर्दोष असो, ते उपजत प्रेरणेने घडते. माणूस मात्र वास्तू आधी मनात उभारतो, हा त्याचा आशय. परंतु मनात उभारलेल्या त्या आकृतीचे मोल कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न कोपरगावच्या परिसरात आजही जिवंत आहे.

कोपरगावच्या उत्तरेस, नाशिक जिल्ह्यातले येवले हे पैठणीचे गाव. पदरावरचा मोर मागावर उतरण्यापूर्वी विणकराच्या मनात उतरलेला असतो. मात्र रेशीम येते कर्नाटकातून आणि जर सुरतेहून. ते विकत घेण्याची ऐपत ज्या विणकराला नाही, त्याला व्यापारी रेशीम देतो, ठरलेली मजुरी देतो आणि साडी घेऊन जातो. कल्पकता विणकराची, मालकी भांडवलाची! काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला. तरीही यंत्रमागावरच्या साड्या पैठणीच्या नावाने विकल्या जातातच. कायद्याचा वचक संघटनेवाचून बसत नाही.

मधमाशीच्या वाट्याला तर मजुरीही नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर. म्हणून बी धरण्यास मुख्यतः कीटकांचाच आधार लागतो. याउलट गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला ऊस टिपरीपासून वाढतो. त्याला मधमाशी लागत नाही आणि मधमाशीला त्याच्यापासून फारसे काही मिळत नाही. उसाची सलग शेते पसरतात, बांधावरची बाभूळ व बोर तुटते, तेव्हा तिच्या तोंडचा घास जातो. उरलेले काम ऐन फुलोऱ्यातली कीटकनाशकाची फवारणी करते. एकट्या शेतकऱ्याच्या संयमाने हे टळणार नाही. मधमाशीला सातबारा ठाऊक नसतो.

उपाय या जिल्ह्याला परका नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला; पुढे कोपरगाव तालुक्यातही कोळपेवाडीचा आणि संजीवनी हे कारखाने उभे राहिले. एकट्याला न पेलणारे यंत्र अनेकांनी मिळून घेतले, हा त्याचा धडा. मात्र त्याची दुसरी बाजूही झाकता कामा नये. सभासद झाला तो ऊसवाला. कोयता घेऊन दरसाल येणारा ऊसतोड मजूर दाराबाहेरच राहिला. मालकांचा सहकार आणि श्रमिकांचा सहकार यांतले अंतर ते हेच.

नव्या सहकाराचा आरंभ म्हणून श्रमापासून व्हावा. विणकरांनी रेशीम व जर एकत्र खरेदी करावी आणि विक्रीच्या किमतीत आकृतीचा वाटा मागावा. भूमिहीनांना सातेरी मधमाश्यांच्या पेट्या मिळाव्यात. मधमाशीला सभासद करून घेता येत नाही. तिच्या वतीने ग्रामसभेनेच फुलोऱ्यातली फवारणी थांबवण्याचा आणि बांधावरची झाडे राखण्याचा ठराव करावा.

कार्यकर्त्यांना येथे मोर्चापेक्षा चिवट काम आहे. मागापाशी बसून हिशेब मांडणे आणि बांधावर उभे राहून शेतकऱ्याचे मन वळवणे, यातूनच समाजवाद गावात रुजेल.