मैदान कोणाच्या स्वाधीन?

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. बास्केटबॉलचा जन्म असा झाला. ती व्यायामशाळा वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयाची होती आणि नेस्मिथने ख्रिस्ती ईश्वरविद्येचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, याच संघटनेच्या होल्योक शाखेत विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉलचा खेळ सिद्ध केला. आज महाराष्ट्रातील शाळांच्या पटांगणांत व्हॉलीबॉलची जी जाळी बांधलेली दिसते, तिचे मूळ एका ख्रिस्ती संघटनेच्या दूरदृष्टीत आहे. ही वस्तुस्थिती प्रथम मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जले, थॉमस ह्यूज आदींनी बलोपासक ख्रिस्ती धर्माचा पुरस्कार केला. दुबळ्या देहाच्या तरुणाला नुसती प्रवचने ऐकवून काही साधत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मराठी मनाला हे सूत्र अपरिचित नाही. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली, ती बलाची उपासना समाजात रुजावी म्हणूनच. स्वामी विवेकानंदांनी १८९७ साली मद्रासच्या तरुणांना गीतापठणापेक्षा फुटबॉलच्या मार्गाने स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, असे बजावले होते. सूत्र दोघांनाही ठाऊक होते. त्यावर यंत्रणा कोणी उभी केली, हा खरा प्रश्न आहे.

सेवेचे दोन दाखले

१९२० साली हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने मद्रासमध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाचे व्यवस्थापक बकच होते. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष दोराबजी टाटा होते आणि चिटणीस होते वायएमसीएचे डॉ. नोएरेन. मद्रासच्या त्या महाविद्यालयाने देशाला शारीरिक शिक्षकांच्या पिढ्या दिल्या आणि त्यांत हिंदू तरुणही मोठ्या संख्येने होते.

दुसरा दाखला काश्मीरचा. सेसिल टिंडेल-बिस्को हा पाद्री १८९० मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत आला. पुढच्याच वर्षी त्याने चामड्याचा चेंडू आणला. त्या चेंडूला स्पर्श करण्यास पंडितांच्या मुलांनी नकार दिला. बिस्कोने त्यांना अक्षरशः दंडुक्याच्या धाकाने मैदानावर नेले. स्थानिक रूढींची त्याने केलेली हेटाळणी आणि त्याची ही दंडेली यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु पुढे याच शाळेची मुले आग विझवायला धावली, पुरात बुडणाऱ्यांना त्यांनी बाहेर काढले आणि पटकीच्या साथीत रुग्णांची सेवा केली. देहश्रमाला हलके मानणारी मुले वल्ही हाती घेऊ लागली.

आणि धर्मांतरे? सुमारे अर्धशतकाच्या या खटाटोपातून ती अगदी नगण्य झाली. बिस्कोच्या चरित्रातील ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. मुले हिंदू राहिली, मुसलमान राहिली आणि तरीही धीट, सेवाभावी व स्वावलंबी झाली. म्हणजे खेळाने घडविलेला माणूस उत्तम नागरिक व्हावा, यासाठी त्याने आपला धर्म सोडण्याची मुळीच आवश्यकता नव्हती.

चेंडूमागचा हेतू

खेळ हे धर्मप्रसाराचे ‘प्रभावी साधन’ आहे, असे उघडपणे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. अमेरिकेत १९५४ पासून ख्रिस्ती खेळाडूंच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. खेळाच्या द्वारे येशूचा संदेश पोहोचविणे हे त्यांचे जाहीर उद्दिष्ट आहे. आपल्या श्रद्धेने आपल्या आचरणाला बळ दिले, असे एखादा खेळाडू म्हणतो, तेव्हा त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावणे नाकारणारा आणि नंतर ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा एरिक लिडेल १९४५ मध्ये चीनमधील जपानी छावणीत मरण पावला. त्याच्या निष्ठेपुढे कोणीही आदराने मस्तक लववील. परंतु उपाशी, उपेक्षित पाड्यावरील अजाण मुलापुढे चेंडू टाकायचा आणि खेळ संपल्यावर त्याच्या आईबापांचे दैवत खोटे आहे असे त्याला शिकवायचे, याला सेवा कसे म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात, धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे स्पष्ट केले आहे. ज्या दानाला अट जोडलेली असते, ते दान नसून सौदा असतो.

रिकामी मैदाने

मात्र केवळ आक्षेप घेऊन हिंदू समाजाची जबाबदारी संपत नाही. छोटा नागपूरच्या मुंडा समाजातील जयपालसिंग रांचीच्या मिशन शाळेतून ऑक्सफर्डला गेले आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार झाले. त्या रानातील मुलाच्या हाती हॉकीची काठी द्यायला अन्य कोण पोहोचले होते? या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या मोजक्या लोकांत बाळासाहेब देशपांडे होते. या मराठी माणसाने १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाची मुहूर्तमेढ रोवली. त्यापूर्वी, १९१४ साली, वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा सुरू केली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी मंडळाच्या चमूने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. मनात आणले तर काय होऊ शकते, याची ही उदाहरणे आहेत. दुर्दैवाने ती उदाहरणेच राहिली.

मध्यमवर्गीय घरातील मुलगा संध्याकाळी शिकवणी वर्गात असतो. तालमींना कुलुपे लागतात. गावच्या मैदानावर वाहने उभी राहतात. वस्तीतील मुलाला कोणी हाक मारीत नाही. अशा वेळी शिट्टी घेऊन येणाऱ्याचा धर्म ते मूल विचारीत नाही; आपले नाव त्याला ठाऊक आहे, एवढेच ते पाहते.

मिशनऱ्यांच्या कावेबाजपणावर व्याख्यान देणे सोपे आहे. पाड्यावर रोज एक तास मुलांमध्ये खेळणे कठीण आहे. ज्या कार्यकर्त्याला धर्मांतराची चिंता वाटते त्याने हा तास द्यावा. ज्या कुटुंबाला समाजाची चिंता वाटते त्याने आपला मुलगा त्या वस्तीतील मुलांबरोबर, एकाच संघात, जातपात न विचारता खेळायला पाठवावा. आणि हे सर्व कोणतीही अट न घालता करावे. बिनशर्त प्रेमाने भरलेल्या मैदानावर कोणाचाही सौदा पटणार नाही.