साठ दिवसांची मुदत

पुण्याचे नाव विद्येचे माहेरघर म्हणून अभिमानाने घेतले जाते. परदेशी दांपत्यांना मुले पाठविणाऱ्या शहरांच्या यादीतही पुण्याचे नाव होते, याची आठवण मात्र सहसा काढली जात नाही. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने पुण्यातील ‘प्रीत मंदिर’ या संस्थेच्या दत्तक व्यवहारांची चौकशी हाती घेतली. गरीब आई-बापांची दिशाभूल करून मुले ताब्यात घेतली, परदेशी पालकांकडून ठरलेल्या शुल्काहून अधिक पैसे घेतले, असे आरोप होते. संस्थाचालकास अटक झाली, संस्थेची मान्यता गेली आणि तेथील बालके अन्यत्र हलविण्यात आली. वृत्तपत्रांनी चार दिवस मथळे दिले, पुणेकरांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला.

विषय खरे म्हणजे तेथे सुरू व्हायला हवा होता. कारण २०१० साली देशात नियम नव्हते असे नाही. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच बजावले होते की, मुलाला प्रथम भारतीय घर शोधावे, ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा. १९९० साली केंद्रीय दत्तक ग्रहण संस्था, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली. २००३ साली भारताने आंतरदेशीय दत्तकविधानाच्या हेग कराराला मान्यता दिली. न्यायालय होते, करार होता, कार्यालय होते. तरीही असे आरोप होण्याइतकी फट राहिली, याचे कारण देखरेख कागदावर होती आणि मूल संस्थेच्या हाती होते.

डॉलरचा मोह

कोणते मूल कोणत्या पालकांना द्यायचे, हे २०१५ पर्यंत संस्थाच ठरवीत असत. त्यातच शुल्काची रचना अशी की, २०१७ च्या विनियमांतही भारतीय पालकांसाठी सुमारे ४० हजार रुपये आणि परदेशी पालकांसाठी ५ हजार डॉलर. एकाच मुलाच्या संगोपनाचा मोबदला परदेशी पालकाकडून कितीतरी पट मिळणार असेल, तर संस्थेचे लक्ष कोणाकडे लागेल? सर्व संस्था लोभी होत्या, असे कोणीही म्हणणार नाही. ससून रुग्णालयाशी जोडलेली ‘सोफोश’, भारतीय समाज सेवा केंद्र अशा पुण्यातील संस्थांनी कितीतरी निराधार बालकांना घर दिले आहे. परंतु व्यवस्था सज्जनांच्या भरवशावर चालत नाही. तिला मोहाचा बंदोबस्त करावा लागतो.

हा बंदोबस्त २०१५ पासून झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये पालकांची नोंदणी आणि मुलांची निवड केंद्रीय संगणकीय प्रणालीकडे गेली. नव्या बाल न्याय कायद्याने अवैध दत्तकविधान हा गुन्हा ठरविला आणि मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद केली. २०२१ मध्ये हिंदू दत्तक कायद्याखाली परस्पर दत्तक घेऊन परदेशी नेल्या जाणाऱ्या मुलांनाही ‘कारा’च्या छाननीखाली आणले गेले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविला. महाराष्ट्रात मात्र जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणे वर्ग करण्यास स्थगिती दिली. आदेश कोणी द्यावा यावर मतभेद असू शकतात. मूल निवडण्याची मक्तेदारी संस्थांकडून काढून घेतली, यावर मतभेद होण्याचे कारण नाही.

मतभेद तरीही झाला. नव्या नियमांनी एकट्या व घटस्फोटित व्यक्तींनाही दत्तक घेण्याची मुभा दिली. तेव्हा ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये हे नियम मान्य नसल्याचे सांगून दत्तककेंद्रांची मान्यता परत केली. सेवेचा जगभर गौरव झालेल्या संस्थेला देशाचा कायदा पाळण्यापेक्षा काम सोडणे बरे वाटले. पुढे जुलै २०१८ मध्ये याच संस्थेच्या रांची येथील ‘निर्मल हृदय’ केंद्रातून नवजात बालक विकल्याच्या आरोपावरून एका कर्मचारी महिलेस आणि एका ननला अटक झाली. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण सरकारी देखरेख म्हणजे सेवेचा अपमान, असे मानणाऱ्यांनी या दोन घटना एकत्र ठेवून विचार करावा. आणि हा नियम सर्वांना सारखाच लागू हवा. दारावर क्रूस असो वा ॐ, मुलाचा हिशेब द्यावाच लागेल.

पाश्चात्त्यांना उशिरा आलेली जाग

भारताने नियम कडक केले की, ‘मुलांची परदेशी घरे हिरावली’ अशी ओरड होते. ज्या देशांतून ही ओरड येत असे, तेथे आज काय चालले आहे? नेदरलँड्सने २०२१ साली परदेशी दत्तकविधान थांबविले आणि पुन्हा सुरू केल्यानंतर २०२४ मध्ये ते टप्प्याटप्प्याने कायमचे बंद करण्याचा निर्णय घेतला. स्वीडनमध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने २०२५ साली तीच शिफारस केली. स्वित्झर्लंडच्या झ्युरिक आणि थुर्गाऊ प्रांतांनी भारतातून नेलेल्या मुलांचा अभ्यास करविला. तपासलेल्या प्रकरणांत जन्मदात्या आईच्या संमतीचे पत्र आढळले नाही. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तकविधान जवळपास बंद केले.

नेलेल्या सर्वच मुलांच्या वाट्याला सुख आले असेही नाही. मुंबईतून १९८९ साली अमेरिकेत नेलेल्या एका मुलीचे नागरिकत्वाचे सोपस्कार तेथे कोणी पुरे केले नाहीत. ती मोठी झाली, तिला मुले झाली आणि २००८ साली अमेरिकेने तिला भारतात हद्दपार केले. जिची भाषा तिला येत नव्हती, अशा भूमीवर ती परकी म्हणून उतरली. भाषा, धर्म, संस्कृती यांचे सातत्य हा मुलाचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे विसावे कलम सांगते. भारतातील कोणी हे म्हटले की तो संकुचित ठरतो. करारात ते छापलेले असले की उदारमतवाद ठरतो.

कायद्यातील आरसा

येथवर बोट दुसऱ्याकडे दाखविणे सोपे आहे. कायद्याचे एकोणसाठावे कलम मात्र ते बोट हिंदू समाजाकडे वळविते. एखादे मूल दत्तकासाठी मुक्त घोषित झाल्यापासून ६० दिवसांत त्याला भारतीय वा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर त्याला परदेशी दत्तक देता येते. आणि परदेशी पाठविताना प्राधान्य कोणाला? दिव्यांग मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले. कायदा करणाऱ्यांनी ही यादी द्वेषाने लिहिलेली नाही. देशात ज्यांना कोणी घरात घेत नाही, अशांचीच ती यादी आहे.

संसदीय समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ पालक मुलाची वाट पाहत होते. संस्थांतील दत्तकयोग्य मुले ६,९९६ होती आणि त्यांतील केवळ २,४३० कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित झाली होती. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली. त्यांतील ४,१५५ देशांतर्गत होती, ही समाधानाची गोष्ट. उरलेली ३६० मुले परदेशी गेली. दारात हजारो पालक रांगेत उभे असताना ही मुले विमानात का बसली? कारण रांगेतील बहुतेकांना बाळ हवे असते, निरोगी हवे असते, एकटे हवे असते. सहा वर्षांचा मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण अशी जोडी समोर आली की नकार येतो. दुभंगलेला ओठ, हृदयाचे छिद्र, ऐकू न येणे, एवढ्यावरून नकार येतो. त्याच मुलाला एखादे परदेशी जोडपे शस्त्रक्रियेच्या तयारीने घेऊन जाते. अशा जोडप्याला व्यापारी म्हणणे हा कृतघ्नपणा होईल.

ज्या समाजाची यशोदा कृष्णाची जन्मदात्री नव्हती, ज्याच्या शकुंतलेला कण्वांनी वाढविले, त्या समाजात दत्तक घेताना जात, गोत्र, रंग विचारला जावा, हे कोणत्या परंपरेत बसते? पुण्याला तर दूर जाण्याची गरज नाही. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आश्रयाला आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंसह रुग्णसेवेत उतरला. फुल्यांनी त्या अर्भकाची पत्रिका पाहिली नव्हती.

करावयाचे काम

शासनाकडून मागण्या स्पष्ट आहेत. मुक्त घोषणेतील विलंब संपावा, बाल कल्याण समित्यांची पदे रिकामी राहू नयेत, परदेशी गेलेल्या मुलाच्या दोन वर्षांच्या पाहणी अहवालांची खरोखर छाननी व्हावी. प्रौढ झाल्यावर मूळ शोधत पुण्यात येणाऱ्यांना कार्यालयांनी उडवून लावू नये.

समाजाचे काम याहून मोठे आहे. गोव्यात ढवळी येथील मातृछायेसारखी सेवाकार्ये निराधार बालकांना सांभाळत आली आहेत. परंतु संस्था हा मुक्काम असतो, घर नव्हे. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने अडचणीतल्या आईला बाल कल्याण समितीपर्यंत नेले, तर ती दलालापर्यंत पोहोचणार नाही. दत्तकाचा विचार करणाऱ्या दांपत्याने नोंदणी करताना मोठ्या मुलांचा, भावंडांचा, उपचारांची गरज असलेल्या मुलांचा रकाना मोकळा ठेवला, तर कलमातील प्राधान्याची यादी आपोआप आखूड होईल. आजी-आजोबांनी अशा मुलाला ‘आपले’ म्हटले, मंगळागौरीला, मुंजीला, लग्नाला कोणी कुजबुज केली नाही, तर निम्मे काम झाले.

शासनाने सीमेवरची चौकी बळकट केली. तिच्या आतली साठ दिवसांची मुदत मात्र समाजाची आहे. साठाव्या दिवशी एखादे मूल विमानतळाकडे निघते, तेव्हा त्याला नाकारणारी दारे परदेशात नसतात. ती सदाशिव पेठेत, कोथरूडमध्ये, निगडीत असतात. त्या दारांवर तोरण बांधण्यासाठी कोणत्याही दुरुस्ती विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.