गृहव्यवस्था : लोकरीचीं वस्त्रें आणि मुळशीचा पावसाळा

दिवाळी सरली, पहांटेचा गारवा वाढला, म्हणजे घरोघरीं लोकरीच्या कपड्यांच्या पेट्या उघडतात, आणि कोणाच्या शालीचा कांठ, कोणाच्या बंडीची बाही कसरीनें खाल्लेली आढळते. वस्तुतः हें नुकसान पावसाळ्यांतच झालेलें असतें, आणि त्याचें मूळ वैशाखांत पेटी भरतांना झालेल्या हयगयींत असतें.

मुळशी तालुक्यांतील कुटुंबांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेविली पाहिजे. पुणें शहरांत वर्षाकांठीं साधारण सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, तर ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर तोच पांच हजारांची मर्यादा ओलांडतो. पौडच्या पश्चिमेस चार महिने भिंती ओल सोडीत नाहींत. आणि अंधार, ऊब व दमट हवा हीं तिन्ही कसरीला मानवतात. ही कसर म्हणजे एका लहान सोनेरी पतंगाची अळी होय. उडणारा पतंग कांहींच खात नाहीं. त्यानें घातलेल्या अंड्यांतून निघणारी अळी लोकर खाते, आणि जेथें घामाचा वा अन्नाचा डाग असेल तेथें ती प्रथम लागते. मळका कपडा पेटींत ठेवणें म्हणजे तिच्यासाठीं पान वाढून ठेवणेंच होय.

प्रथम निवडीविषयीं. थंड देशांतील केसाळ कातड्यांचे डगले आपल्या हवेंत निरुपयोगी. आपल्या घरांत केसांसकट कातडें येतें तें मुंजींतील मृगाजिनाच्या रूपानें. परंतु १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें काळविटाला पूर्ण संरक्षण आहे. त्याचें कातडें विकणें अथवा विकत घेणें हा गुन्हा आहे. तिबेटांतील चिरू हरिणाला मारून मिळविलेल्या लोकरीची शहातूश शालही तशीच निषिद्ध. वडिलोपार्जित अजिन घरांत असल्यास वनखात्याकडे विचारणा करावी. विकूं नये, कोणास देऊंही नये. शाल घेतांना कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला जळलेल्या केसांसारखा वास येतो व राख बोटांनीं चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी होते.

आतां निगेविषयीं. लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. कढत पाण्यांत चोळल्यास ते एकमेकांत अडकतात व कपडा आटून जाड होतो. म्हणून कोमट पाण्यांत रिठ्यांचा फेस करून त्यांत कपडा हलक्या हातानें दाबावा. धुण्याचा सोडा वापरूं नये. पिळण्याऐवजीं पंचांत गुंडाळून पाणी टिपावें व सावलींत आडवा पसरून वाळवावा. पेटी भरण्यापूर्वीं शिवणी व घड्या ब्रशानें झाडाव्या, थोडा वेळ ऊन द्यावें, आणि कपडा निवल्यावरच घट्ट झांकणाच्या पेटींत ठेवावा. कडुनिंबाचीं वाळलेलीं पानें घालण्यास हरकत नाहीं. पण सारी भिस्त त्यांवर नसावी. कसर लागलीच, तर कपडा पिशवींत बंद करून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत आठ-दहा दिवस ठेवावा. अळ्या व अंडीं मरतात.

डांबराच्या गोळ्यांविषयीं मात्र सावधगिरीचा इशारा देणें अवश्य आहे. एकत्र कुटुंबांत आजीची जुनी शाल बाळंतिणीच्या खोलींत कौतुकानें नेली जाते. ज्या अर्भकाच्या रक्तांत जी-सिक्स-पी-डी नांवाचें द्रव्य जन्मतः कमी असतें, त्याच्या तांबड्या पेशी गोळ्यांच्या वाफेनें फुटतात व तीव्र कावीळ होऊन जिवाला धोका संभवतो. ही उणीव बाहेरून दिसत नाहीं. यास्तव बाळाचीं दुपटीं, टोपडीं, पायमोजे आणि त्याला पांघरावयाचें कोणतेंही वस्त्र या गोळ्यांत मुळींच ठेवूं नये. अशा पेटींतून काढलेली शाल बाळाजवळ नेऊंच नये. त्यासाठीं निराळें पांघरूण राखावें.

शेवटीं घोंगडीची शिफारस केल्यावांचून राहवत नाहीं. मुळशीच्या डोंगरांतील गवळी धनगर गाई-म्हशी पाळतात. मेंढीला एवढा पाऊस सोसत नाहीं. म्हणून पावसांत पांघरावयाची घोंगडी येते ती माण, सांगोलें, आटपाडी अशा कोरड्या मुलखांतून. दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीला चिंचोक्यांची खळ देऊन सणगर ती हातमागावर विणतात. खळीमुळें नवी घोंगडी ताठ लागते; वापरानें ती मऊ होते. आज या लोकरीला इतका कमी भाव येतो कीं, पुष्कळ ठिकाणीं कातरणावळही सुटत नाहीं. रोज अंथरली, उन्हांत झटकली कीं घोंगडीला कसर सहसा शिवत नाहीं. प्रत्येक घरानें एक तरी घ्यावी, आणि ती पेटींत न ठेवतां नित्य वापरावी.