तीस युनिटांची रेषा

घरगुती वीजबिलात गरीब कुटुंबाला मिळणारी मदत महाराष्ट्रात मुख्यतः दराच्या आतच मुरलेली असते. तिच्यासाठी वेगळा अर्ज नाही, मंजुरीचे पत्र नाही, बँकेत जमा होणारी रक्कम नाही. बिलावरच्या दरवर्गाच्या रकान्यात एक सांकेतिक नोंद असते आणि तेवढ्यावर बिल कमी येते. ज्या घराला ती मिळते त्या घराला बहुधा तिचा पत्ताच नसतो, आणि ती गेल्यावरही बिल का वाढले हे कोणी सांगत नाही.

या मदतीचा पाया वीज कायदा २००३ मध्ये आहे. कलम ६१ नुसार दर पुरवठ्याच्या खर्चाजवळ सरकत जावेत आणि क्रॉस सबसिडी हळूहळू कमी व्हावी. जानेवारी २००६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने त्याला एक अपवाद ठेवला: दारिद्र्यरेषेखालील जो ग्राहक महिन्याला ठरावीक मर्यादेच्या, म्हणजे साधारण ३० युनिटांच्या आत वीज वापरतो, त्याला खास आधार देता येईल, मात्र त्याचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या निम्म्याखाली जाऊ नये. यापलीकडे राज्य सरकारला काही द्यायचे असेल तर कलम ६५ प्रमाणे ती रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ मोजायची असते. म्हणजे मदतीचे खिसे दोन. पहिला इतर ग्राहकांचा, तो दर आदेशातच भरलेला असतो. दुसरा सरकारी तिजोरीचा, आणि तो वेळेवर भरतोच असे नाही. अनुदानाचा हिशेब दर तिमाहीला मांडण्याचे बंधन २०२३ च्या नियमांनी घातले, ते याच कारणाने.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पहिल्या खिशातून जो वर्ग केला तो ‘एलटी एक (अ), घरगुती, बीपीएल’. नावात दारिद्र्यरेषा असली तरी या वर्गात बसण्यासाठी रेशनकार्डाचा रंग पाहिला जात नाही. निकष दोनच: मंजूर भार आणि मागील आर्थिक वर्षातला वापर. भाराची मर्यादा आधीच्या आदेशांत ०.१ किलोवॅट होती, पुढे ती ०.२५ किलोवॅट झाली. वापराची मर्यादा मात्र वर्षाला ३६० युनिटांवरच राहिली. नवीन ग्राहकाच्या बाबतीत पहिल्या बिलाच्या महिन्यात दिवसाला एक युनिट या हिशेबाने वापर तीसच्या आत असला की त्याची नोंद या वर्गात होते.

दिवसाला एक युनिट म्हणजे काय, हे या क्षेत्रातल्या कोणालाही कागद-पेन्सिल न घेता सांगता येईल, तरी आकडे समोर मांडलेले बरे. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा धरला आणि तो दिवसाला १२ तास फिरला, तर ०.९ युनिट जाते. ९ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लागले, तर ०.०९. दोन्ही मिळून ०.९९. वर्षभर असेच चालले तर बेरीज ३६१ युनिटांवर जाते, म्हणजे एक पंखा आणि दोन दिव्यांवर मर्यादा संपते. हिवाळ्यात पंखा बंद राहतो, त्या शिलकीत टीव्ही आणि मोबाईलचे चार्जिंग बसवायचे. चंद्रपूर, नागपूर, अकोला या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पंखा बारा तासांवर थांबत नाही, आणि कूलर आणला तर तो एकटाच दीडशे-दोनशे वॅट खेचतो. भाराची मर्यादा वाढल्यामुळे कूलर मंजूर भारात बसू शकतो. तो चालवला की ग्राहक वर्गातून बाहेर जातो. दोन निकषांचा असा मेळ बसत नाही, आणि त्यातला कोणता कालबाह्य झाला हे उघड आहे. ३० युनिटांचा आकडा ठरला तेव्हा गरीब घरातली वीज म्हणजे दिवा, फार तर एखादा पंखा. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती कार्यक्रमात एका घराला एक दिव्याची जोडणी दिली जाई. तीच कल्पना आकड्याच्या रूपाने पुढे चालत आली.

याहून कठोर भाग पुढे आहे. वर्षात ३६० युनिटांपेक्षा जास्त वापर झाला की ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो, आणि पुढे वापर कितीही कमी झाला तरी त्याला मागे येता येत नाही. दर आदेशातच तशी तरतूद आहे. घरात लग्नकार्य झाले, आजारी माणसासाठी उन्हाळाभर कूलर चालला, बाळंतपणाला लेक माहेरी आली, की त्या एका वर्षाच्या वापरावर कायमचा निकाल लागतो. उत्पन्न घटले म्हणून या वर्गात परत येण्याचा मार्ग नाही, कारण उत्पन्न हा निकष मुळात नव्हताच. प्रशासनाच्या बाजूने या नियमाचे समर्थन होऊ शकते: दर वर्षी ग्राहक आतबाहेर होत राहिले तर नोंदी ठेवणे अवघड, आणि मंजूर महसूल डळमळतो. पण संगणकीय बिलिंगच्या काळात हे समर्थन लंगडे वाटते.

इथेच बिलिंग विभागाच्या कामाला वजन येते. मीटर नादुरुस्त, घर बंद किंवा रीडिंग मिळाले नाही अशा शेऱ्यावर सरासरी बिल निघते, आणि सरासरी कोणत्या महिन्यांवरून काढली यावर वर्षाचा आकडा तीनशे साठच्या अलीकडे राहतो की पलीकडे जातो हे ठरते. चार महिन्यांचे रीडिंग एकदम आले तर स्लॅबचा लाभ चार महिन्यांत विभागून द्यायचा असतो. तो दिला नाही तर सर्वसाधारण वर्गातल्या गरीब ग्राहकाचे शंभर युनिटांच्या आतले स्वस्त टप्पेही हातचे जातात. अशी दुरुस्ती शाखा कार्यालयात एका अर्जावर होते. अडचण अशी की ज्याला ती हवी असते त्याला ती मागता येते हेच ठाऊक नसते. बिल घेऊन येणाऱ्या जनमित्राने शेरा वाचून दाखवला, तर मोठ्या योजनेइतका फरक त्या घराला पडतो.

ही सारी रचना एक गृहीत धरून उभी आहे: एक मीटर म्हणजे एक कुटुंब. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या झोपडपट्ट्यांत आणि चाळींत ते खरे नाही. घरमालकाच्या एका मीटरवर चार-पाच खोल्या असतात, प्रत्येक खोलीत तीस-चाळीस युनिटे जळतात, आणि एकत्र बेरीज शंभराच्या वर, कधी तीनशेच्याही वर पोहोचते. टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर चढतात, म्हणून सर्वांत कमी वापरणारी माणसे वरच्या टप्प्याचा दर भरतात, आणि वर मालकाने ठरवलेला भाव. उलट बाजूला, शहरात नोकरी करणाऱ्याचे गावचे बंद घर वर्षाला ३६० युनिटांच्या आत सहज राहते. अशा घरांची संख्या किती हा वेगळा प्रश्न, पण निकषाला दोघांतला फरक दिसत नाही.

भाडेकरूसाठी कायद्यात वाट आहे. कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार, दोघांपैकी कोणीही जोडणी मागू शकतो. ग्राहक हक्क नियमांनी २०२० मध्ये कागदपत्रे कमी केली आणि २०२४ च्या दुरुस्तीने मुदत महानगरांत तीन दिवस, इतर शहरांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आणली. प्रत्यक्षात भोगवट्याचा पुरावा मालकाकडूनच यावा लागतो आणि मालकाला स्वतंत्र मीटर नको असते. महावितरणने २०२१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजनेत अनामत ५०० रुपये, तीही पाच हप्त्यांत, अशी सोय केली होती. पैशाचा अडसर त्याने बराच हलका झाला. मालकाच्या संमतीचा तसाच राहिला.

थकबाकीच्या बाबतीत मदत उशिरा पोहोचते. २०२२ ची विलासराव देशमुख अभय योजना आणि सप्टेंबर २०२४ पासूनची अभय योजना या दोन्हींत व्याज आणि विलंब आकार माफ झाला, मूळ रक्कम भरण्यासाठी हप्ते मिळाले. पण दोन्ही कायमस्वरूपी खंडित ग्राहकांसाठी होत्या. वीज कायमची तुटेपर्यंत घराला या माफीचा उपयोग नाही, आणि मीटर टिकवण्यासाठी दर महिन्याला थोडे थोडे भरणाऱ्याला काहीच नाही. जागेवरची जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान खटल्यात मान्य केल्यापासून जुन्या वस्त्यांत घर घेणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. वीज तोडण्याआधी कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची लेखी सूचना लागते. बिल वादात असेल तर ग्राहकाने मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरली की पुरवठा तोडता येत नाही. ही दुसरी तरतूद क्वचितच कोणी वापरताना दिसतो.

इतर राज्यांनी आखणी वेगळी केली, पण तीही मीटरच्याच आधाराने. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटांपर्यंतचे बिल शून्य. २०१ ते ४०० युनिटांना निम्मे, जास्तीत जास्त ८०० रुपये. दोनशे एकावे युनिट त्यामुळे फार महाग पडते. कर्नाटकाने जुलै २०२३ पासून गृहज्योती योजनेत घराच्या मागील सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून, दोनशेच्या मर्यादेत, मोफत वीज दिली. परिणामी आधी ज्याने काटकसर केली त्याचा हक्क लहान, ज्याने सैल वापरली त्याचा मोठा. तमिळनाडूत मे २०१६ पासून दोन महिन्यांच्या बिलातली पहिली १०० युनिटे सर्व घरगुती ग्राहकांना मोफत आहेत. तिथे निवड करण्याचा आव नाही, म्हणून चुकीने वगळले जाणेही नाही. खर्च मात्र बंगल्यांवरही होतो. तिन्हींत गरिबाला सर्वांत कमी त्रास तमिळनाडूच्या पद्धतीत होतो, हे मान्य करावे लागेल.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मदतीचा मार्ग उलटा आहे. इथे लाभार्थी यादीने ठरतो आणि पैसा खात्यात येतो. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने जोडण्या वेगाने दिल्या. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत देण्यात आली. पण २०१९-२० मध्ये उज्ज्वला घरात वर्षाकाठी सरासरी तीनच सिलिंडर गेले. चार महिने एक सिलिंडर पुरतो याचा अर्थ चूल विझलेली नाही. मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान मिळू लागल्यावर ही सरासरी २०२३-२४ मध्ये चारच्या जवळ आली. वाढ खरी, तरी अपुरी, आणि तिचे एक कारण भरण्याच्या पद्धतीत आहे. पहल पद्धतीत कुटुंबाने आधी पूर्ण किंमत मोजायची, अनुदान मागाहून खात्यात येते. रोजंदारीवरच्या घरात अडचण वर्षाच्या एकूण खर्चाची नसते, सिलिंडर दारात आला त्या दिवशी हातात असलेल्या रोकडीची असते. २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेने वर्षाला तीन सिलिंडर मोफत केले, पण जोडणी महिलेच्या नावावर हवी या अटीमुळे वितरकांकडे नावबदलाचे अर्ज आले. पाच किलोचा सिलिंडर या घरांना जास्त सोयीचा. वितरक तो पुढे करत नाहीत.

छतावरच्या सौरऊर्जेत मदतीचा तिसरा मार्ग निघाला आहे: दर महिन्याला बिलात सूट देण्याऐवजी एकदाच भांडवल द्यायचे. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपये मिळतात. उरलेला खर्च गरीब घराला झेपत नाही, म्हणून राज्याने २०२५ मध्ये स्वतःची जोड दिली. त्यात एक किलोवॅटच्या सुमारे ५० हजारांच्या संचासाठी बीपीएल वर्गातल्या ग्राहकाने अडीच हजार भरायचे, बाकी केंद्र आणि राज्य देणार. एक किलोवॅटमधून महिन्याला शंभरावर युनिटे मिळतात, म्हणजे तीस युनिटांत अडकलेल्या घराला पंखा मोकळेपणाने लावता येईल. पण या योजनेची यादीही दरवर्गावरूनच निघते. ज्या घराने एका उन्हाळ्यात ३६१ वे युनिट जाळले त्याला बीपीएलचा हिस्सा मिळत नाही, शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकाला मिळणारा कमी हिस्सा घ्यावा लागतो. आणि अट स्वतःच्या छताची आहे. पत्र्याच्या छपरावर, सावलीच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत संच बसत नाही. त्यांच्यासाठी एका ठिकाणच्या संचाची वीज अनेक मीटरांच्या बिलांत वळती करण्याची पद्धत आहे, आणि शाळा किंवा समाजमंदिराच्या छतावरून वस्तीतल्या घरांना ती लागू करता येईल. तिथेही प्रत्येक घराचा स्वतंत्र मीटर असावा लागतो.